पितळ संपतं तिथे

नख अडकलं नाही. नलिनीने अंगठा पुन्हा वर नेला आणि हँडलखालच्या नळीला जिथे खालची तिरकी जाड नळी येऊन मिळत होती, तिथून नख हळूच खाली ओढलं. लोखंड, मग पितळ, मग परत लोखंड. तीन मुलूख, आणि मध्ये एकही नाका नाही. अंधेरीच्या त्या हॉलमध्ये एसी इतका होता की मघापासून तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता, तरी मानेवर घाम आला. आपण परीक्षक आहोत, छातीला गुलाबी रिबिनीचा बिल्ला आहे, हातात पॅड आहे, हे तिला एकदम आठवलं, आणि असंही वाटलं की आता कुणी तरी हाताला धरून आपल्याला बाहेर नेलं तर बरं होईल. पॅडवर घरगुती कारागिरांच्या सात सायकलींची नावं होती आणि प्रत्येकीपुढे तीन रकाने: मजबुती, फिनिश, स्टाइल. मजबुती मुकुल सरांकडे, ते इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत. स्टाइल देवव्रतकडे, हा सगळा घाट त्यानेच घातला होता. तिच्याकडे फिनिश. वीसपैकी.

"कशी वाटते, काकू?"

ऋता सायकलीच्या मागे उभी होती, बारशाला पाळण्यामागे बाळंतीण उभी असते तशी, दमलेली आणि तोऱ्यात. सव्वीसेक वर्षांची, बोरीवलीची, कुठल्याशा आर्किटेक्टकडे नोकरी करणारी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सेक्रेटरीची बोलणी खात, चौदा महिने खपून तिने ही आपली पहिली फ्रेम केली होती. बोटांवर भाजल्याचे दोन डाग होते, ते तिने झाकले नव्हते.

"छान आहे," नलिनी म्हणाली.

"उद्या हिच्यावरच निघतेय मी. साडेपाचला, नॅशनल पार्कच्या गेटवरून. घोडबंदरने ठाणं, मग नाशिक. आई म्हणते, ट्रेन काय बंद पडल्यात का?"

नलिनी हसली, म्हणजे चेहऱ्याने हसली. घोडबंदर म्हणजे गायमुखचा उतार. तिचा अंगठा अजून त्या सांध्यावरच होता. ही फ्रेम करायची रीत अशी: दोन नळ्या एकमेकींना भिडवायच्या, सवागी, म्हणजे टाकणखार, लावायची, लाल होईपर्यंत तापवायच्या आणि सांध्याभोवती पितळ ओतायचं. हा ज्याच्या हातात ज्वाळा असते त्याचा भाग, आणि बघायला माणसं जमतात ती एवढ्यालाच. मग थंड झालं की ते ओबडधोबड पितळ घासायचं, आधी गोल कानस, मग बारीक कानस, मग पॉलिश पेपरची पट्टी, चपातीच्या काठासारखं वळण येईपर्यंत. हा मागे जो उरतो त्याचा भाग. कानशीने पितळ कापायचं असतं, लोखंड नाही. पण पितळ संपतं तिथे कानस आपण होऊन थांबत नाही, तिला कुठे डोळे आहेत. ती नळीवर जाते. नळी म्हणजे तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर होईल तेवढी जाड. त्यातलं एक पोस्टकार्ड कानशीने खाल्लं तरी बाहेरून काही दिसत नाही. उलट सांधा आणखी सुंदर दिसतो, पाण्यासारखा, कुठून निघाला आणि कुठे गेला ते कळतच नाही. म्हणून खऱ्या सांध्यात, पितळ संपतं तिथे, नख केसभर अडकलं पाहिजे. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही. तो नलिनीने केलेला आहे, आणि तिने तो अजून कुणालाही सांगितलेला नाही.

आधीच्या सहा सायकलींना तिने मजेत मार्क दिले होते. पुण्याच्या एका डॉक्टरांनी सांध्यांवर पत्र्याच्या कोयऱ्या कापून बसवल्या होत्या, इतक्या की सायकल मुंजीला निघाल्यासारखी दिसत होती. पण कोयरीच्या टोकापर्यंत पितळ पोचलं नव्हतं, सुईच्या अग्राएवढी काळी फट राहिली होती, आणि फट म्हणजे पाणी, पाणी म्हणजे गंज. तेरा. बांबूवाल्याने बांबू जिवापाड निवडला होता, दोन्ही बाजूंच्या गाठी सारख्या उंचीवर आणल्या होत्या, आणि मग जोडाला गुंडाळलेला काथ्या मात्र गाडी सुटायच्या वेळी वळकटी बांधावी तसा आवळला होता. चौदा. घाटकोपरच्या दोन भावांची फ्रेम इतकी सरळ होती की सरळ असण्यापलीकडे तिला स्वतःचं काही म्हणणंच नव्हतं. वर मोरपिशी रंग आणि दुकानाच्या पाटीएवढं आडनाव. त्यातल्या धाकट्याने विचारलं, "पण ताई, स्टाइल म्हणजे असतं काय?" तो रकाना तिचा नव्हता, तरी ती म्हणाली, "कुठे थांबायचं ते कळणं." बोलून गेली आणि स्वतःचंच वाक्य तिला आवडलं. घरी गेल्यावर नवऱ्याला, लवूला सांगू, असंही मनात आलं. आणि मग ती सातव्या सायकलीपाशी आली. हिला रंग नव्हता. नुसता पारदर्शक लॅकर, करड्या नळ्या, आणि प्रत्येक सांध्यात पिवळं पितळ, निरांजनातल्या ज्योतीचा मागे पडणारा उजेड असावा तसं, हळूहळू करडं होत गेलेलं. नलिनीला वाटलं, हिला आपण कुठे तरी बघितलंय. एखाद्या लग्नात अनोळखी मुलीच्या चेहऱ्यात आपल्या मेलेल्या बहिणीची जिवणी दिसावी, तसं.

"कानस कुणी शिकवली तुला?"

"कुणीच नाही. व्हिडिओ बघून. आणि खरं सांगू का," ऋता लाजली, "तुमच्याच फ्रेमचा फोटो समोर लावला होता. 'माड'च्या. ती चैतन्यची. क्रॅक व्हायच्या आधीचा. फ्रेम गेली ती काकांच्या ब्रेझिंगमुळे, ते त्यांनी स्वतःच लिहिलंय ना, ते आम्ही सगळे पाठ करतो. 'पितळ थंड राहिलं, चूक माझी.' म्हणून मी गरम करताना अजिबात कंजुषी केली नाही. पण ते फिनिश, काकू. ते फिनिश अजून कुणाला नाही जमलेलं."

लवू उपनगरातल्या एका सायकलच्या कारखान्यात वयाच्या अठराव्या वर्षी पितळ ओतायला लागला. कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्या हातात एक गॅसची टॉर्च होती आणि ती ठेवायला जागा नव्हती. मग त्याने खिडक्यांना ग्रिलं लावली, गेटं केली, शाळेची बाकं जोडली, आणि प्रत्येक कामाला तोंड वाकडं केलं. एकदा कुणी तरी परदेशी सायकलची मोडकी फ्रेम घेऊन आला, ती लवूने अशी सांधली की त्या माणसाने चार जणांना सांगितलं, त्या चौघांनी आणखी चार जणांना, आणि मुलुंडच्या एका गाळ्यात 'माड' सुरू झाली. महिन्याला दोन फ्रेमा, फार तर तीन. पुढच्या नळीवर पितळेचा छोटा माड, तो नलिनीने कातरलेला. तोवर ती घरी बसून इमिटेशनच्या माळांच्या कड्या जोडायची. बारीक चिमटा आणि बारीक नजर, एवढंच तिचं शिक्षण. गाळ्यात डबा घेऊन जायची, आणि एक दिवस डबा उघडायला उशीर होता म्हणून तिने कानस उचलली. त्याआधी आयुष्यात कुठलीही गोष्ट तिने इतकी पटकन ओळखली नव्हती. कानस पितळेवरून जाताना एक आवाज करते, कुजबुजल्यासारखा, आणि लोखंडावर गेली की तो आवाज कोरडा होतो, घशाशी येतो. तिला तो फरक कुणी न सांगता ऐकू आला. पाच वर्षं ती त्या आवाजाच्या अलीकडे थांबत गेली. मग एक प्रदर्शन झालं, असंच, छोटंसं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खिशातून भिंग काढलं, सांधा बघितला, बराच वेळ बघितला, आणि विचारलं, हे कुणी केलं? लवू म्हणाला, "मिसेस घासते." घासते. कढई घासते तसं. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. त्याला तो शब्द माहीत होता म्हणून त्याने तो वापरला. पण त्या गृहस्थांनी भिंग मिटलं आणि नलिनीला नमस्कार केला, लवूला नाही, आणि त्यानंतर जी फ्रेम आली ती चैतन्यची. बँकेत होता, एकतीस वर्षांचा, बोलताना सारखा केस मागे सारणारा. त्या फ्रेमवर ती एक संध्याकाळ जास्त बसली. कुणी घाई केली नव्हती, कुणी मागे लागलं नव्हतं. तिला फक्त असा सांधा हवा होता की भिंगालाही पितळाची कड सापडू नये. कानशीचा आवाज कोरडा झाला, तो तिने ऐकला. ऐकला आणि वाटलं, जरासंच. मग नख फिरवलं तर ते कुठेच अडकलं नाही, आणि तिच्या अंगावर काटा आला. सुखाने.

गायमुखच्या उतारावर चैतन्य पडला. जगला. जबडा तारांनी जोडला, वास येणं गेलं, अर्धा चेहरा हसायला विसरला. त्याच्या भावाने गोणपाटात गुंडाळून फ्रेम गाळ्यात आणून टाकली, तेव्हा नलिनी दाराशीच होती. तिने बघितलं. चीर पितळातून गेली नव्हती. पितळाच्या कडेकडेने, शिवणीच्या टाक्याशेजारी कापड उसवतं तशी गेली होती, बरोब्बर तिथून जिथे तिची कानस थांबायला हवी होती. लवू उकिडवा बसला, त्याने सांधा हातात घेतला, उलटसुलट केला. आणि तिने तोंड उघडायच्या आत म्हणाला, "थंड राहिला पितळ. माझी चूक." भावाला म्हणाला, मग चैतन्यच्या आईसमोर म्हणाला, मग सायकलवाल्यांच्या ग्रुपवर भाचीकडून टाइप करून घेऊन जगाला म्हणाला. गाळा सोडला. टॉर्च भंगारात दिली. आता दोन खोल्यांच्या घरात तो खिडकीशी बसतो आणि ज्वाळेच्या वाटेला जात नाही. चहा करायला गॅससुद्धा पेटवत नाही, तिची वाट बघतो. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं ते धक्क्याने. दुसऱ्या दिवशी भीतीने. आठवड्याने सांगणं म्हणजे आठवडाभर का नाही सांगितलंस याचं उत्तर देणं होतं, आणि वर्षाने तर प्रश्नच मोठा होऊन बसला होता, घरात जावई आल्यासारखा, त्याच्यासमोर मोठ्याने बोलायची सोय नव्हती. चैतन्य अजून दर दिवाळीला मेसेज करतो, दोघांच्या नावाने.

"नलिनीताई, आकडा?" देवव्रत पॅड घ्यायला आला.

"मुकुल सर," ती म्हणाली, "हा सांधा पातळ झालाय. कानशीने. इथे."

मुकुल सर वाकले. चष्मा कपाळावर नेऊन त्यांनी सांध्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, फार मायेने. "कुठे? मला तर एक ओरखडा दिसत नाही."

"तेच म्हणतेय मी."

"अहो, नळीची जाडी मी बघितलीय. चांगली नळी आहे. आणि जोड असा तापलाय की बास. कानशीने जाऊन जाऊन किती जाईल हो? ते माझ्यावर सोडा. तुम्ही तुमचं फिनिश बघा."

तिने बारा लिहिले. देवव्रतने पॅड तिरकं करून वाचलं. "बारा? ताई, बांबूवाल्याला चौदा दिलेत तुम्ही. काय यार, पोरगी रडेल. काही चुकलंय का फिनिशमध्ये?"

फिनिशमध्ये काही चुकलेलं नव्हतं. तेच तर चुकलं होतं, पण त्याला रकाना नव्हता. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, इथे, वीस-पंचवीस लोकांत, घाटकोपरच्या भावांसमोर: की तुम्ही जे पाठ करता ते खोटं आहे, लवूचं पितळ गरम होतं. आणि हे लवूच्या आधी दुसऱ्या कुणी ऐकणं तिला बरं वाटेना. नवऱ्याची अकरा वर्षांची शिक्षा परक्या हॉलमध्ये माफ करून टाकायची आणि मग घरी जाऊन त्याला कळवायचं, हे कुठल्या रीतीत बसतं. आज घरी जाऊ, आधी त्याला सांगू. मग तोच या मुलीला फोन करील. लवूचा शब्द ही पोरं खाली पडू देत नाहीत. उद्या पहाटेपर्यंत वेळ आहे. ती बाराकडे बघत होती आणि देवव्रतचं पेन तिच्या बोटांत होतं. तिने बारा खोडले, वीस लिहिले, शेजारी सही केली. ऋताचा नंबर घेतला आणि म्हणाली, "संध्याकाळी फोन करते. तोवर हिच्यावर बसू नकोस."

"आता कुठे बसतेय, आता पार्टी आहे," ऋता म्हणाली. पहिला नंबर तिचाच आला.

रिक्षा जोगेश्वरीच्या लिंक रोडला लागली आणि पवईपाशी अडकली. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. नलिनीने बिल्ला काढून पर्समध्ये टाकला आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. वाटतंय ते वेगळंच. कारण एक गोष्ट होती जी तिने स्वतःलासुद्धा कधी पुरती उलगडून सांगितली नव्हती, ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या लग्नातल्या शालूसारखी ती फक्त अधूनमधून हात लावून बघायची: लवूने ती चीर ओळखली होती. ओळखली नसेल असं होणंच शक्य नव्हतं. चाळीस वर्षं पितळ ओतलेला माणूस, त्याला कडेने फाटलेली नळी आणि थंड राहिलेला जोड यातला फरक कळत नाही? त्याने ती उलटसुलट करून बघितली होती, चांगली मिनिटभर. आणि तिने तोंड उघडायच्या आत तो बोलला होता. इतक्या घाईने माणूस स्वतःची चूक कबूल करत नाही, दुसऱ्याची झाकतो. तिला उभ्या जन्मात लवूने कधी गजरा आणला नव्हता, फिरायला नेलं नव्हतं, तिचं नाव घेऊन चांगलं असं एक वाक्य चारचौघांत म्हटलं नव्हतं. पण एवढं केलं होतं. खिडकीशी बसलेला तो माणूस, गॅसला हात न लावणारा, हे सगळं तिच्यासाठी होतं, असं धरून ती अकरा वर्षं त्याला न चुकता चारदा चहा देत आली होती आणि प्रत्येक कप देताना मनात म्हणत आली होती, कळतंय मला. आज ते तोंडाने म्हणायचं. एवढंच. तो म्हणेल, "ठाव होता माका." आणि मग दोघं मिळून त्या मुलीला थांबवू. रिक्षावाल्याने इंजिन चालू केलं. एका अर्थी ती नवऱ्याकडे पहिल्यांदाच निघाली होती.

लवू खिडकीशीच होता. तिने दोघांचा चहा आणून ठेवला, साडी न बदलता त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. त्याने विचारलं, काय कोण होते, खायला काय दिलं. तिने सांगितलं. मग म्हणाली, "चैतन्यची फ्रेम माझ्यामुळे मोडली."

लवूने कप खाली ठेवला. "काय?"

"मी कानस जास्त मारली होती. पितळ संपून नळीवर गेले. आवाज बदलला होता तरी थांबले नाही. नळी पातळ झाली होती. तुमचं पितळ चांगलं होतं." आणि मग, "तुम्हाला ठाऊक होतं ते. मला कळत होतं."

तिने वाट बघितली. त्याच्या कपाळावर हळूहळू आठी आली, मग गेली, मग तो हसला. ते हसू तिने ओळखलं. शेजारच्या लताने गॅस सिलिंडर उन्हात ठेवला की जास्त दिवस पुरतो असं सांगितलं होतं, तेव्हा तो असाच हसला होता.

"खुळी की काय गो तू? कानशीने फ्रेम मोडता?"

"चीर पितळात नव्हती. बाजूने गेली होती. तुम्ही बघितलीत."

"बघितली ना. पितळ थंड राहिला की असाच होता. बाजूने सुटता."

"सुटलं नव्हतं. नळी फाटली होती."

"नलिनी," तो समजुतीने म्हणाला, "मी चाळीस वर्षं पितळ ओतलंय. तू किती वर्षं घासत होतीस?"

"पाच."

"मगे?" त्याने कप उचलला. "तिकडे परीक्षक केलान तर डोक्यात गेला काय? माझ्या हातून झाला ते माझ्या हातून झाला. त्यात तू मध्ये येऊ नको."

तिने त्याच्या चेहऱ्यात शोधलं. डोळ्यांत, ओठांच्या कडेला, कपाळावर. लवूला खोटं बोलता येत नसे. दारात आलेल्या विम्याच्या एजंटला, मी घरात नाही, एवढंही त्याला सांगता येत नसे, आतून आवाज द्यायचा. तिथे काहीच नव्हतं. कधीच नव्हतं. त्या दिवशी त्याने सांधा मिनिटभर उलटसुलट करून बघितला होता आणि त्यात त्याला फक्त स्वतःचा हात दिसला होता. तिचा दिसला नाही, कारण तो तिथे असू शकतो हेच त्याला सुचलं नव्हतं. ज्याने काही घडत नाही त्याने काही मोडत कसं असेल? नलिनीला आपल्या मांडीवरचे आपले हात दिसले आणि ते कुणाचे तरी इथे विसरून राहिलेत असं वाटलं. चहावर साय धरत होती. तरी ती मुलगी होती. तिला उद्या निघायचं होतं.

"बरं, माझं राहू दे," ती म्हणाली. "एका मुलीची फ्रेम आहे. मला तिची धास्ती वाटते. तुम्ही तिला फक्त म्हणा, उद्या जाऊ नको. कारण सांगू नका हवं तर. माझ्यासाठी म्हणा."

"माझ्याशी बोलेल ती?" लवू म्हणाला. म्हणाला आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

तिने फोन लावून त्याच्या हातात दिला, स्पीकर चालू करून. पलीकडे गाणी, हशा, मग दार लागल्याचा आवाज, आणि ऋता म्हणाली, "काका? खरंच तुम्ही?" लवूने विचारलं, ज्वाळा कशी ठेवली होतीस, निळी की पिवळी? सवागी पाण्यासारखी झाल्यावर पितळेची काडी लावलीस की आधीच? पितळ आपणहून पळाला की ढकलावा लागला? ऋता सांगत गेली, धापा टाकत, आणि तो मान हलवत गेला, आणि त्याचा डावा हात हवेत, जणू सांध्याभोवती, गोल फिरायला लागला. नलिनीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने तो बघितला नाही.

"आपणहून पळाला म्हणतेस? मगे झकास झाला," लवू म्हणाला. "नळी लाल होती तोवर भिऊ नको. आमची मिसेस काय तरी म्हणता, पण कानशीने काय होत नाही गो बाय. तू जा बिनधास्त. नाशिक काय, दिल्लीला जा."

नलिनीने फोन ओढून घेतला. "ऋता, ऐक. ती चैतन्यची चीर माझी होती. काकांचं पितळ थंड नव्हतं. मी घासून नळी खाल्ली होती, आणि तू तेच केलंयस. त्या फोटोवरून तू तेच उचललंयस. जाऊ नकोस."

पलीकडे आणखी एक दार लागलं. मग ऋताचा आवाज आला, आधीपेक्षा खाली, जपून बोलल्यासारखा. "काकू, कळतंय मला. इतकी वर्षं ते स्वतःला दोष देतायत, तुम्हाला बघवत नाही. म्हणून तुम्ही अंगावर घेताय ना? किती करता हो त्यांच्यासाठी." ती रडत होती बहुतेक. "माझे आई-बाबा एकमेकांसाठी पाण्याचा ग्लास नाही भरत."

"तसं नाही ते."

"हो हो. तसं नाही. तुम्ही काळजी करू नका. पोचल्यावर फोटो टाकते."

लवू उठून उभा राहिला होता. येरझारा घालत होता, खिडकीपासून कपाटापर्यंत, चार पावलं तिकडे, चार इकडे. "हुशार आहे पोर," तो म्हणाला. "पितळ आपणहून पळतो तेव्हा कसा दिसतो, ते तिने काय बरोब्बर सांगितलान." मग स्वयंपाकघरात गेला. लायटरचा आवाज झाला, एकदा, दोनदा, आणि गॅस पेटल्याचा भस्सकन आवाज आला. "तुझा चहा गार झालाय गो, गरम करतो," तो आतून म्हणाला. बाहेर अजून उजेड होता. खाली कुणी तरी गाडी मागे घेत होतं आणि वॉचमन, आने दो, आने दो, म्हणत होता.

नलिनीने फोनवर बघितलं. मुलुंड चेकनाक्यावरून बोरीवलीची पहिली बस सव्वाचारला होती. तिने गजर लावला. गेटपाशी जाऊन उभं राहता येईल. काय बोलायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि बोललं तरी काय होणार ते आत्ताच दिसत होतं: अंधुक उजेडात मुलीमुलांचा घोळका असेल, हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या, कुणाची तरी आई, आणि ऋता तिला बघून धावत येईल, म्हणेल, काकू, तुम्ही इतक्या लांब, माझ्यासाठी? मग एका हाताने सायकल धरून ती वाकेल, पायांना हात लावील. आणि आपल्या तोंडून, सवयीने, सुखी राहा, असं निघून जाईल.